पांझरेचे पाणी जाते कुठे?

धुळे शहर आणि देवपूर यांच्या मधून वाहणारी पांझरा उन्हाळ्यात कोरडी दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र याच नदीच्या पुराने काठावरील वस्तीची झोप उडवली होती. एवढे पाणी येते कोठून आणि काही महिन्यांत जाते कोठे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर जलचक्रात आहे. पृथ्वीवरील पाणी नाहीसे होत नाही. ते केवळ जागा आणि रूप बदलते. एखाद्या गावाला ते पुरेल की नाही, हे मात्र ते त्या गावी किती काळ थांबते यावर ठरते.

समुद्र ते सह्याद्री

पृथ्वीवरील सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे. उरलेल्या गोड्या पाण्यातील दोन तृतीयांशाहून अधिक भाग बर्फाच्या रूपात गोठलेला आहे, तर बहुतेक बाकीचा भाग जमिनीखाली आहे. नद्या आणि तलाव यांच्या वाट्याला गोड्या पाण्याचा अर्धा टक्काही येत नाही.

सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते. हे बाष्प हवेत सरासरी आठ ते दहा दिवसच राहते आणि पाऊस किंवा हिम होऊन खाली येते. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन सह्याद्रीवर आदळतात. डोंगर चढताना हवा थंड होते, ढग बनतात आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा मात्र उबदार आणि कोरडी होते. त्यामुळे पर्जन्यछायेत येणाऱ्या धुळे परिसराच्या वाट्याला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस येतो.

थेंबाच्या तीन वाटा

जमिनीवर पडलेल्या थेंबापुढे तीन वाटा असतात. पहिली पुन्हा आकाशाकडे जाते. जगभरात जमिनीवर दरवर्षी सुमारे १ लाख १० हजार घनकिलोमीटर पाणी पडते आणि त्यातील सुमारे ७० हजार घनकिलोमीटर बाष्पीभवनाने व वनस्पतींच्या पानांवाटे परत हवेत जाते. खानदेशातील कडक उन्हात उथळ तलाव लवकर आटतात, त्याचेही कारण हेच.

दुसरी वाट नदीची. साक्री तालुक्यातील पिंपळनेरच्या बाजूला, सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावणारी पांझरा धुळ्यावरून पुढे जाऊन मुडावद येथे तापीला मिळते. तापीचे पाणी गुजरातमधील उकाई धरणातून सुरतेकडे आणि तेथून खंभातच्या आखातात जाते. जेथून बाष्प निघाले त्या अरबी समुद्रातच ते परत पोहोचते.

तिसरी वाट जमिनीच्या पोटात जाते आणि तीच सर्वांत संथ आहे. भूजल काही आठवड्यांपासून हजारो वर्षांपर्यंत भूगर्भात राहू शकते. धुळे जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. तेथे साठ्याला जागा भरपूर. पण मधले चिकणमातीचे थर पाणी खाली झिरपू देत नाहीत. वर्षाला जेवढे मुरते त्याहून अधिक उपसले गेले की विहिरी कोरड्या पडतात आणि कूपनलिका दरवर्षी अधिक खोल न्याव्या लागतात.

पाणी थांबविण्याची परंपरा

पांझरा खोऱ्यातील शेतकऱ्यांनी हे गणित फार पूर्वी ओळखले होते. येथील फड पद्धत काही शतके जुनी आहे. नदीवर दगडी बंधारा बांधून पाटाने पाणी फिरवायचे, लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्यांमार्फत पाळीपाळीने पाणी द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. नदीचे पाणी पुढे निघून जाण्याआधी शेतात थांबविले जाई. १८८४ मध्ये सरकारी नोकरीत आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी उमेदीच्या काळात पांझरेवरच दातर्तीजवळ सायफनचे काम केले होते.

नव्या काळातील उदाहरण शिरपूर तालुक्याचे. तेथे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर साखळी बंधारे बांधण्यात आले. पाणी मुरू न देणारे वरचे थर खोदून काढल्याने पावसाचे पाणी थेट जमिनीत उतरू लागले.

छतावरचा हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने देवपुरातील हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला सुमारे ५१ हजार लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता ४० हजार लिटर हाती लागले, तरी माणशी रोज १३५ लिटर धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाची जवळजवळ दोन महिन्यांची गरज त्यातून भागू शकते. आज यातील बरेचसे पाणी गटारीतून पांझरेला मिळते.

मोसमी पाऊस आपल्या हाती नाही आणि समुद्राकडे जाणारी वाट कायमची अडवताही येणार नाही. नदी वाहती राहण्यासाठी आणि खालच्या गावांसाठी काही पाणी पुढे गेलेच पाहिजे. मात्र चार महिन्यांत येणारे पाणी उरलेल्या आठ महिन्यांना पुरवायचे, तर ते विहिरीत, नाल्यात आणि गच्चीखालच्या टाकीत थांबविण्यावाचून गत्यंतर नाही.