जागराचे पेय

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मंडळी फराळाला बसली, की बहुतेक मराठी घरांत चहा येतो, काही घरांत कॉफी. चहा आता घरचाच झाला आहे. कॉफीशी आपण अजून पाहुणीसारखे वागतो. एरवीच्या दिवशी तर ती उभ्याउभ्याच घेतली जाते, एक डोळा घड्याळावर ठेवून. तरतरी यावी एवढीच तिच्याकडून अपेक्षा. परंतु या पेयाचा इतिहास चाळू लागले म्हणजे ध्यानात येते, की ज्यांनी ते नेमाने पिण्याचा परिपाठ घातला त्यांना घाई मुळीच नव्हती.

कॉफीचे झुडूप मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ रानातले. तांबडा समुद्र ओलांडून ते येमेनमध्ये आले, आणि पंधराव्या शतकात तेथील सूफी साधकांनी तिच्या पेयाला आपल्या उपासनेत स्थान दिले. रात्र रात्र जागून नामस्मरण करावयाचे, तर झोप ही पहिली वैरीण. आपल्याकडे एकादशीच्या जागराला टाळ-मृदंगाची जी सोबत, तीच त्यांना या कडवट काढ्याची. पुढे सोळाव्या शतकात अब्द अल्-कादिर अल्-जझीरी या ग्रंथकाराने कॉफीवर एक पुस्तकच लिहिले. कैरोमधील येमेनी साधकांच्या बैठकीचे वर्णन त्यात आले आहे. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री मंडळी जमत. तांबड्या मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे. त्यांचा प्रमुख लहानशा पेल्याने ती काढून उजवीकडून एकेकाला देई, आणि तोवर सर्वांच्या मुखी ईश्वराचे नाव चालू असे. कोणी पुढे हात करीत नसे. पाळी येईल तेव्हा पेला येई.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कॉफी मनाला शांत करते असे काही तिच्या गुणधर्मात नाही. १८१९ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तिच्यातून कॅफीन वेगळे काढले. हे कॅफीन मेंदूत थकव्याची वर्दी देणाऱ्या ॲडिनोसिन या द्रव्याची वाट अडवून धरते. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी उशिरा पोचते. जास्त झाली तर कॉफीने छाती धडधडते, हात थरथरतात. मग त्या बैठकीत शांतता कोठून येई? ती येई ठरलेल्या वारातून, गोल बसण्यातून, मुखातील नामातून आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्यातून. कॉफी जागे ठेवी. जागेपणाचे काय करावयाचे, हे माणसे ठरवीत.

राज्यकर्त्यांना मात्र हे जागे राहून एकत्र बसणेच खुपू लागले. १५११ साली मक्केचा अंमलदार खाइर बेग याला रात्री मशिदीच्या परिसरात काही मंडळी दिव्याच्या उजेडात कॉफी पिताना दिसली. त्याने धर्मशास्त्र्यांची सभा भरविली, वैद्यांच्या साक्षी घेतल्या आणि कॉफी निषिद्ध ठरवून तिचे साठे जाळविले. कैरोहून सुलतानाचा हुकूम आला तो त्यामानाने सौम्य निघाला, आणि बंदी टिकली नाही. १६३३ मध्ये इस्तंबूलच्या चौथ्या मुरादने कॉफीगृहे बंद पाडली. १६७५ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनेही तसेच फर्मान काढले. पण लोकांची नाराजी पाहून थोड्याच दिवसांत त्याला ते मागे घ्यावे लागले. भीती त्या काळ्या पाण्याची नव्हती. स्वस्थ बसलेली माणसे बोलू लागतात, आणि बोलता बोलता विचार करू लागतात, ही ती भीती!

कॉफीच्या मायभूमीत हे स्वस्थ बसणे अजून जिवंत आहे. इथिओपियातील घरात पाहुणा आला, की जमिनीवर हिरवे गवत पसरतात, धूप घालतात. गृहिणी कच्च्या बिया धुऊन सर्वांसमक्ष भाजते आणि त्यांचा दरवळ पाहुण्यांपुढून फिरविते. मग त्या कुटून 'जबना' नावाच्या मातीच्या सुरईत उकळावयाच्या, आणि एकामागून एक तीन वेळा कॉफी द्यावयाची. तिसऱ्या फेरीचे नाव 'बरका', म्हणजे आशीर्वाद. तो पदरी पडण्याआधी उठून जाणे शिष्टाचाराला सोडून होय. एवढ्याला तास-दोन तास सहज लागतात.

आपल्या देशात कॉफी आणल्याचे श्रेय परंपरा बाबा बुडन या सूफी संताला देते. हजेहून परतताना त्याने सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर रुजविल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला त्याचेच नाव आहे, आणि दत्तभक्तांनाही ते दत्तात्रेयाचे स्थान म्हणून ठाऊक आहे. तेथून दक्षिणेत पसरलेल्या कॉफीने तिकडच्या घरांना पितळी फिल्टर दिला. त्यातून काढा थेंबाथेंबानेच उतरतो; त्याला घाई करता येत नाही. मराठी सुगरणीने आणखी एक शहाणपण केले. झोप उडविणाऱ्या कॉफीत तिने झोप आणणारे म्हणून प्रसिद्ध असलेले जायफळ किसून घातले!

सकाळची कॉफी मन निवविणारी व्हावी असे वाटत असेल, तर सूफींचे व्रत घ्यावयास नको, की गवताची बिछायत नको. पेला भरला म्हणजे बसावे. पहिला घोट घेईपर्यंत वर्तमानपत्र आणि फोन दूर ठेवावा. जायफळाचा वास येऊ द्यावा. घरात दुसरे कोणी असेल, तर पहिला पेला त्याच्या हाती द्यावा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे.