झाकलेला देह, आकसलेली भूमिका : ‘फँटम लेडी’ आणि १९५४ ची आचारसंहिता

अमेरिकन सुपरहिरो-कॉमिक्समधील स्त्रीदेहाच्या लैंगिकीकरणाची चर्चा बहुधा पोशाखापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ही सवय जुनी आहे. ‘फँटम लेडी’चे प्रकरण या दृष्टीने बोलके ठरते. (मराठी वाचकाला परिचित असलेल्या वेताळाशी, म्हणजे ली फॉक यांच्या फँटमशी, या नायिकेचे नामसाम्यापलीकडे नाते नाही.)

सँड्रा नाइट ही सिनेटरची कन्या १९४१ मध्ये ‘पोलीस कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरली. काळोख फेकणारा दिवा हे तिचे साधन. १९४७ पासून फॉक्स फीचर सिंडिकेटच्या अंकांतून मॅट बेकर या कृष्णवर्णीय चित्रकाराने तिला जे रूप दिले, तेच पुढे रूढ झाले. आतल्या कथांत गुन्हेगारांचा पाठलाग करणारी ही नायिका एप्रिल १९४८ च्या १७ व्या अंकाच्या मुखपृष्ठावर मात्र दोरांनी खांबाला बांधलेली दिसते. कथा तिला कर्ती ठरवते. मुखपृष्ठ तिला पाहण्याची वस्तू करते. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ (१९५४) मध्ये हेच मुखपृष्ठ पुनर्मुद्रित केले. त्यांना चिंता होती ती बालवाचकांची.

त्याच वर्षी सिनेट उपसमितीच्या सुनावणीनंतर प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता स्वीकारली. स्त्रिया वास्तवानुसारी रेखाटाव्यात, शारीरिक वैशिष्ट्यांची अतिशयोक्ती नसावी, असे तिने बजावले. प्रेमकथांनी घराचे मूल्य आणि विवाहाचे पावित्र्य ठसवावे, असेही सांगितले. अजॅक्स-फॅरेल प्रकाशनाच्या अंकांत सिनेटरच्या या कन्येची छाती झाकली गेली, आखूड घागऱ्याच्या जागी चड्डी आली. दोष रेखाटनाच्या दृष्टीत न शोधता देहात शोधला गेला, त्यामुळे उपायही शिंप्याचाच निघाला.

पुढील नायिकांचे देह सभ्य झाले, परंतु त्यांचे अवकाश आकसले. १९५६ च्या बॅटवूमनची हत्यारे तिच्या पर्समधील प्रसाधनांच्या रूपात होती. १९५९ मध्ये आलेल्या सुपरगर्लला सुपरमॅनने अनाथालयात ठेवले आणि तिचे अस्तित्व जगापासून गुप्त राखले.

१९७० च्या दशकात कॉमिक्सच्या खास दुकानांना थेट विक्री सुरू झाली. तेथे संहितेच्या शिक्क्याची गरज नव्हती आणि ग्राहक प्रामुख्याने वयाने वाढलेला पुरुष होता. झाकलेला देह त्या वाटेने पूर्वीपेक्षा अतिरंजित होऊन परतला. डीसी कॉमिक्सने जानेवारी २०११ मध्ये संहितेचा त्याग केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘कॅटवूमन’ मालिकेचा नवा पहिला अंक निघाला. त्याच्या आरंभीच्या चौकटींत नायिकेची अंतर्वस्त्रे आणि अवयव दिसतात. चेहरा नंतर येतो.