शेळीचा ऋतुकाळ : एका ज्ञानाचा इतिहास

राजेरजवाड्यांचा इतिहास आपण मोठ्या आवडीने वाचतो. परंतु ज्या मुक्या जनावराने आपल्या कित्येक घरांतील चूल पेटती ठेवली, त्याचा इतिहास लिहावा असे सहसा कोणास वाटत नाही. संपादक मंडळाने लेखाची आज्ञा केली, तेव्हा पांझरेकाठची शेळीच माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

सन १९७२ चा दुष्काळ. प्रस्तुत लेखक त्या वेळी शाळकरी पोर होता. घरी दोन शेळ्या होत्या. पाला नाही, पाणी नाही. दोन्ही माजावर येईनात. करडू नाही म्हणजे दूध नाही, आणि आठवड्याच्या बाजारी विकावयासही काही नाही. पोट भरल्यावाचून बकरी फळत नाही, असे आजी सांगे. पुढील वर्षी पाऊस झाला, बांधावर हिरवे दिसू लागले, आणि दोन्ही फळल्या. आजीच्या बोलण्यामागील शास्त्र समजावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

थंड मुलखातील शेळी दिवस लहान होऊ लागले म्हणजे माजावर येते व पाच महिन्यांनी, वसंतात, व्यायते. हा सारा प्रकाशाचा खेळ आहे, हे अमेरिकेत बिसोनेट यांनी १९४१ मध्ये कृत्रिम उजेड कमी-अधिक करून दाखविले. १९५८ मध्ये लर्नर यांनी मेलॅटोनिन हा स्राव शोधला. अंधारात तो स्रवतो. म्हणजे रात्रीची लांबी तो शरीरास कळवितो. मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीस जाणाऱ्या आज्ञेची रासायनिक घडण शॅली व गिय्यमँ यांच्या प्रयोगशाळांनी १९७१ च्या सुमारास उलगडली. १९७७ मध्ये उभयतांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ही आज्ञा मिळताच पीयूषिका बीजांडकोशास जागे करते व बीज सुटते. गर्भ राहिल्यास प्रोजेस्टेरॉन पुढील माज रोखून धरते. न राहिल्यास सुमारे २१ दिवसांनी शेळी पुन्हा माजावर येते.

आता खानदेशाकडे वळू. जळगाव-धुळे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. येथे वर्षातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत अंतर सुमारे अडीच तासांचे. लंडनला ते जवळजवळ नऊ तासांचे. म्हणून दिवसमानाची हाक आपल्या शेळीस क्षीण ऐकू येते. ती बाराही महिने माजावर येऊ शकते. तिच्यावर सत्ता चालते ती चाऱ्याची. पोट रिकामे असले की मेंदूची आज्ञाच मंदावते. आजीचे म्हणणे ते हेच!

आमचे वडीलधारे शेळ्या माजावर येईनात तेव्हा परगावचा बोकड कळपात सोडीत. त्यासही शास्त्राधार आहे. नव्या नराच्या सहवासाने अंगोरा शेळ्या माजावर येतात, हे शेल्टन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत नोंदविले.

मात्र आज उमदा बोकड भाव येताच बाजारात जातो आणि गावात मागे उरतो तो किरकोळ. तोच आपल्या आया-बहिणींना फळवितो. पिढी खुजी होत जाते व तोटा गरीब घरास, विशेषतः शेळीवर संसार रेटणाऱ्या विधवेस, सोसावा लागतो. यास्तव माझी समाजबांधवांस विनंती : प्रत्येक गावी वर्गणीने एक निवडक बोकड राखावा व दोन-तीन वर्षांनी शेजारगावाशी अदलाबदल करावी. शेळी फळल्याची तिथी भिंतीवर लिहावी. माघ-फाल्गुनात फळलेली शेळी आषाढ-श्रावणात व्यायते, आणि ओलीत करडे दगावतात. एवढा हिशेब पाटी-पेन्सिलीचा आहे. तो घरातील शाळकरी मुलीकडे सोपवावा.