मानीव प्रतिनियुक्ती : जवाहरनगरच्या कारखान्याची गोष्ट

नागपूर-भंडारा महामार्गावर शहापूरजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. चीन युद्धानंतर साठच्या दशकात देशात दारूगोळ्याचे नवे कारखाने उभे राहिले, त्यांपैकी ही एक. आमच्या भागात लग्नाच्या बोलणीत 'मुलगा फॅक्टरीत आहे' एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न संपायचे. वेतन आयोग, महागाई भत्ता, क्वार्टर, पेन्शन, सगळं त्या एका वाक्यात येत असे. कुणाचा मजहब कोणता, जात कोणती, पगारपत्रक सर्वांना सारखंच.

हे कारखाने सरकारी खात्याऐवजी कंपनीने चालवावेत, अशी शिफारस विजय केळकर समितीने वीस वर्षांपूर्वीच केली होती. कामगार विरोधात राहिले. 20 ऑगस्ट 2019 पासून त्यांनी महिनाभराचा संप पुकारला. डाव्या, काँग्रेसी आणि संघ परिवारातल्या संघटना एकाच गेटवर उभ्या राहिल्या, हे आपल्याकडे रोज दिसत नाही. आठवड्याच्या आत संप स्थगित झाला. जून 2021 मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण उत्पादनात संपाला बंदी घालता येईल असा अध्यादेश आला. क्रम पाहा, म्हणजे घाई कुणाला होती ते कळेल.

1 ऑक्टोबर 2021 रोजी कोलकात्याचं आयुध निर्माणी मंडळ संपलं. 41 कारखाने 7 सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भंडारा, चांदा, वरणगाव, देहूरोड, खडकी हे पुण्याच्या 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेले, तर नागपूरची अंबाझरी 'यंत्र इंडिया'कडे.

आणि माणसं? सुमारे सत्तर हजार कर्मचारी 'मानीव प्रतिनियुक्ती'वर गेले. मुलांना मराठी शिकवताना मी सांगतो, मानीव म्हणजे मानलेलं. मानलेला भाऊ असतो तसं. प्रतिनियुक्ती मानलेली, म्हणून तिचा भत्ता नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती मात्र कायम. मुदत आधी दोन वर्षांची होती, ती वाढवत वाढवत 31 डिसेंबर 2025 पर्यंत नेली गेली. कंपनीत कायमचं सामावून घेतलं तर वेतन आयोग लागू राहील का, हा प्रश्न दरवेळी पुढे ढकलला गेला. मूळ पगार कमी झाला नाही, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. पण पीसवर्क आणि ओव्हरटाइमची कमाई कामाच्या ऑर्डरवर चालते आणि घराचे हप्ते त्या कमाईवर बेतलेले असतात.

खरा बदल जुन्यांपेक्षा नव्यांच्या वाट्याला आला. 'डेंजर बिल्डिंग वर्कर' म्हणून आता मुदतीच्या करारावर भरती होते : 19,900 मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, आधी एक वर्ष, फार तर चार. ज्या कामाच्या नावातच धोका आहे, ते काम करारावर.

24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या याच निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळलं, 8 कामगार गेले. त्या इमारतींत आजही पाळ्या चालू आहेत. एकाच पाळीत एक जण मानीव असतो आणि दुसरा कराराचा.