एका खुर्चीचा डोंगर

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनला वर जाणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत एकच माणूस मावतो. शेजारी गप्पा मारायला कुणी नाही. पायांत लोंबकळणाऱ्या स्की आणि खाली ‘शूट’ नावाचा उतार. त्या उतारावर कोण कसा आपटला, ते वरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

ही लिफ्ट रोलंड पामेडो यांची. जवळच्या स्टो इथं 1940 मध्ये चेअरलिफ्ट उभी करण्यात त्यांचाच पुढाकार होता. पण तिथं धंद्याचा जोर वाढू लागला, तसं त्यांचं मन उडालं. त्यांनी जनरल स्टार्क हा डोंगर निवडला आणि डिसेंबर 1948 मध्ये तिथं स्कीइंग सुरू झालं. वाटा डोंगराच्या वळणांनी काढलेल्या; अरुंद, झाडाखडकांतून जाणाऱ्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सुमारे 2,000 फुटांचा उतार आणि भिस्त मुख्यतः आभाळातून पडणाऱ्या बर्फावर. ‘जमत असेल तर करा’ अशा अर्थाचं इथलं घोषवाक्य गाड्यांच्या मागे चिकटवलेलं दिसतं. जाहिरातीपेक्षा तो इशाराच जास्त आहे.

1972 मध्ये मालकी ट्रक्स्टन प्रॅट यांच्या गटाकडे गेली. तीन वर्षांत ते वारले आणि कारभार पत्नी बेट्सी प्रॅट यांच्याकडे आला. बाई खमक्या. स्नोबोर्डवाल्यांना त्यांनी दार बंद केलं, ते आजही बंदच आहे. विकायची वेळ आली तेव्हा एखाद्या बड्या कंपनीच्या हाती डोंगर देण्यापेक्षा त्यांनी तो स्कीइंग करणाऱ्यांनाच द्यायचं ठरवलं. डिसेंबर 1995 मध्ये सभासदांनी भाग विकत घेऊन, 25 लाख डॉलरला डोंगर सहकारी संस्थेच्या नावावर केला. भागभांडवल, सभासद, संचालक मंडळ हे शब्द आपल्याला साखर कारखान्यामुळे पाठ. इथं तेच शब्द बर्फाच्या डोंगराला लागू झाले.

माझ्या मते संस्थेची खरी परीक्षा पुढे झाली. लिफ्ट साठीकडे झुकली होती. दोन माणसांची नवी बसवली असती, तर खालची रांग निम्म्यानं घटली असती. पण मग वर पोचणारी माणसं दुप्पट, आणि अरुंद वाटांवरचं बर्फ दुपारपर्यंत घासून गुळगुळीत. म्हणजे इथली गर्दी रांगेत उभी असते, म्हणूनच वरचा डोंगर मोकळा राहतो. सभासदांनी रांगेच्या बाजूनं कौल दिला. देणग्या गोळा करून 2007 मध्ये जुन्याच लिफ्टचा जीर्णोद्धार केला. 2012 मध्ये मॅड रिव्हर ग्लेनची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

अलास्कातल्या कॉर्डोव्हा गावातली लिफ्ट सोडली, तर अमेरिकेतल्या स्कीच्या डोंगरांवर एकट्या माणसाची खुर्ची आता इथंच उरली आहे.