माळ हिरवा कसा झाला

मोहोळकडे आमचं गाव. आबांना विचारलं, तुमच्या लहानपणी माळावर झाडं किती होती, तर म्हणायचे, "झाडं कुटली रं? गवात हुतं. पवन्या कमरंएवढा. मेंढरं आत शिरली की दिसायची न्हाईत, नुसती घंटी वाजायची."

बोरी, हिवर, एखादी बाभळ, बाकी गवत. कुसळीतून चालत आलं की धोतराचा काठ कुसळांनी शिवल्यासारखा व्हायचा. आजी ओट्यावर बसून एकेक उपसायची. खाली मुरूम, वर वीतभर माती, पाऊस ५००-६०० मिलिमीटर आणि तोही बेभरवशाचा. अशा जमिनीत गवतच टिकतं. इंग्रजांच्या महसुली दप्तरांत असे माळ 'पडीक' ठरले आणि तो शिक्का पुढेही पुसला नाही.

इथे पूर्वी दाट रान होतं, ते तोडलं म्हणून माळ उघडा पडला, असं शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. आबांना ते पटायचं नाही. त्यांच्याही आधीच्यांची साक्ष आता पुढे आली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुनं मराठी साहित्य आणि लोककथा चाळून त्यांतल्या झाडाझुडपांच्या नोंदी तपासल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान साडेसातशे वर्षं जुने आहेत.

बदल झाला तो आबांच्या डोळ्यांदेखत. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला गेले. पुढे विहिरींवर इंजिनं बसली, बोअर आले. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. मग कालवा, कालव्यामागून ऊस. उपग्रहालाही हे दिसलं: २००० ते २०१७ या काळात भारतात वाढलेल्या हिरवाईत ८२ टक्के वाटा शेतीचा निघाला. हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड जगभर पानं वाढवतोय हे खरंच, पण आमच्या माळाचं कारण पाण्यात आहे. उरलेल्या माळात वेडी बाभूळ घुसली, आणि वनीकरणात चर खोदून गिरिपुष्प लावलं गेलं.

ऊस लावणाऱ्यांवर माझा राग नाही. आमच्या घरातली पोरं त्याच्यावरच शिकली. पण माळढोकाला उघडं गवत लागतं, लांडग्याला लागतं, मेंढपाळालाही लागतं. म्हणून उरल्यासुरल्या माळावर झाडांसाठी खड्डे घेणं आधी थांबवा. पवन्याचं बी अजून बांधाबांधांवर सापडतं आणि ते कुठे रुजेल, हे सांगणारे म्हातारे मेंढके अजून गावोगाव आहेत.