मतपत्रिकेचे पुस्तक झाले तेव्हा

निवडणुका जवळ आल्या की चेन्नईतील चहाच्या टपऱ्यांवर वर्तमानपत्रांची पाने सुटी होतात. एक पान एकाच्या हातात, दुसरे दुसऱ्याच्या, आणि तिसरा वाचत नसतो, ऐकत असतो. सकाळी फिरून परतताना मीही तेथे थांबतो. माझे तमिळ वाचन अजून अडखळतच चालते. तरीही एवढे कळते की त्या पानांवर बहुतेक वेळा जागांचे गणित असते. कोणत्या आघाडीत कोण, कोणाला किती जागा, कोण नाराज. टपरीवरील बोलणे मात्र पाण्याच्या टँकरवरून सुरू होते आणि मुलाच्या शिक्षणाच्या खर्चावर येऊन थांबते. या दोहोंची गाठ क्वचितच पडते.

मतदारापाशी निवडणुकीपूर्वी विचारायचे प्रश्न असतात, परंतु ते विचारण्याची रीतसर जागा त्याला आपल्या व्यवस्थेत सापडत नाही. मत देताना तो फक्त नाव निवडतो. त्या नावामागचे कारण मतपेटीत पडत नाही. याच तमिळनाडूत एकदा काही शेतकऱ्यांनी ते कारणच मतपत्रिकेवर आणण्याचा प्रयत्न केला होता. त्याची नोंद आज केवळ एक विक्रम म्हणून उरली आहे. प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून मला ती घटना विक्रमाहून मोठी वाटते.

१९९६ साली लोकसभेबरोबरच तमिळनाडू विधानसभेची निवडणूक होती. ईरोड जिल्ह्यातील मोडकुरिची या मतदारसंघात एकूण १,०३३ उमेदवार उभे राहिले. यांतील बहुसंख्य शेतकरी होते. आपल्या मागण्यांकडे कोणी लक्ष देत नाही, हे दाखवून देण्याचा त्यांचा हेतू होता. मोर्चे आणि निवेदने यांनी जे साधले नाही, ते त्यांनी उमेदवारी अर्जाने साधण्याचे ठरवले.

कायद्याने त्यांना अडवण्याचे कारणच नव्हते. विधानसभेच्या उमेदवारासाठी अनामत रक्कम २५० रुपये होती आणि एक सूचक पुरेसा होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ही रक्कम ठरली, तेव्हा ती सामान्य माणसाला जड होती. पंचेचाळीस वर्षांच्या भाववाढीने ती इतकी हलकी केली की गावातील मध्यम शेतकऱ्यालाही परवडावी. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर प्रवेशाची किंमत रुपयांत तीच राहिली आणि प्रत्यक्षात कोसळली. सरकारी दरपत्रकांत हे नेहमी घडते. या वेळी त्याचा उपयोग शेतकऱ्यांनी करून घेतला, इतकेच.

निवडणूक यंत्रणेची काय अवस्था झाली असेल, हे ज्याने कधी सरकारी काम पाहिले आहे त्याला सहज समजेल. हजाराहून अधिक अर्जांची छाननी, प्रत्येक अपक्षाला स्वतंत्र चिन्ह, प्रत्येक नाव योग्य क्रमाने छापणे, आणि मग ती मतपत्रिका मावेल अशी पेटी. मतपत्रिका एका कागदावर बसेना, तेव्हा ती पुस्तकाच्या रूपात छापावी लागली. मतदान सुमारे एक महिना पुढे ढकलले गेले. द्रमुकच्या सुब्बुलक्ष्मी जगदीशन निवडून आल्या. त्यांच्याखेरीज अण्णाद्रमुकच्या उमेदवाराची अनामत वाचली. बाकी सर्वांची जप्त झाली.

या निकालातील एक तपशील मला विशेष बोलका वाटतो. ८८ उमेदवारांना एकही मत मिळाले नाही. म्हणजे त्यांनी स्वतःचे मतही स्वतःला दिले नाही, किंवा त्यांना ते देता आले नाही. निवडून येण्याची इच्छा असलेला माणूस असे करत नाही. मत मागण्यासाठी ते उभेच नव्हते. मतपत्रिकेवर नाव छापून येणे, हेच त्यांचे निवेदन होते, आणि त्या निवेदनासाठी त्यांनी मिळून सुमारे अडीच लाख रुपये सरकारजमा केले.

त्या वर्षी हे एकट्या मोडकुरिचीत घडले नाही. आंध्र प्रदेशातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० उमेदवार उभे राहिले. तेथील प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता. पाण्यातील फ्लोराइडमुळे ज्या गावांत माणसांची हाडे वाकत होती, त्या गावांनी हा मार्ग पत्करला. आणि बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. मराठी वाचकाला त्याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषिक सीमा आखल्या गेल्या, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि सीमाभागातील मराठी माणूस चाळीस वर्षे सभा, सत्याग्रह व निवडणुका यांतून तेच सांगत राहिला होता. बेळगावला मोठी मतपत्रिका नवीन नव्हती. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत बेळगाव शहरात ३०१ उमेदवार होते.

ईरोडचा शेतकरी, नलगोंड्याचा ग्रामस्थ आणि बेळगावचा मराठी भाषक यांची एकमेकांशी ओळख नव्हती. त्यांच्या भाषा वेगळ्या, मागण्या वेगळ्या. तरीही तिघांनी एकाच वर्षी तोच उपाय निवडला, याचा अर्थ तिघांनाही व्यवस्थेतील तोच एक दरवाजा उघडा दिसला होता.

या प्रश्नाला शासनाने काय उत्तर दिले? १९९६ मध्येच लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. विधानसभेसाठी अनामत २५० वरून ५,००० रुपये आणि लोकसभेसाठी ५०० वरून १०,००० रुपये करण्यात आली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरेसा राहिला. अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला मात्र दहा सूचक आवश्यक झाले. परिणाम तात्काळ दिसला. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत १३,९५२ उमेदवार होते, १९९८ मध्ये ते ४,७५० झाले. मतदारसंघामागे सरासरी सुमारे २६ उमेदवार होते, ते ९ च्या आत आले. प्रशासकीय दृष्टीने हे निर्विवाद यश होते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी त्या काळात सेवेत नवा होतो. प्रशिक्षणादरम्यान एका चर्चेत मोडकुरिचीचा विषय निघाला, तेव्हा मतपत्रिकेच्या पुस्तकाची कल्पना करून आम्ही सर्वच जण हसलो होतो. उपाय विचारला गेला, तेव्हा मीच उत्साहाने उठून सांगितले की किंमत वाढवा, मागणी कमी होईल. नुकताच एम. ए. झालेल्या तरुणाला शोभेल असेच ते उत्तर होते. त्या वर्गात कोणीही, मीही नाही, त्या हजार शेतकऱ्यांची मागणी नेमकी काय होती असे विचारले नाही. आम्हाला समस्या दिसली ती कागदाची. कागद जिच्यासाठी भरला गेला, ती समस्या आमच्या टिपणीत आलीच नाही. आज इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर वाटते की अशा टिपण्या मी पुढेही अनेकदा लिहिल्या असतील.

अनामत रकमेमागचा हेतू गंभीर नसलेल्या उमेदवारांना दूर ठेवणे हा आहे, आणि तो अयोग्य नाही. परंतु रकमेने माणसाची ऐपत मोजली जाते, गांभीर्य नव्हे. हौशी धनिकाला पाच हजार रुपये अडवीत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याला अडवतात.

उमेदवाराची पात्रता कशी मोजावी, हा प्रश्न या भूमीला फार जुना आहे. चेन्नईहून सुमारे ९० किलोमीटरवर उत्तिरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इ. स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्यांवर माणसे निवडण्याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. ३० वॉर्डांतून नावांच्या चिठ्ठ्या घटात टाकून लहान मुलाच्या हाताने त्या काढीत. पात्रतेसाठी करपात्र जमीन आणि स्वतःच्या जागेवरील घर लागे. ती ब्राह्मणांची सभा होती, तेव्हा तिला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे धाडसाचे ठरेल. पण त्याच शिलालेखात आणखी एक अट आहे. ज्याने पूर्वी समितीवर काम करून हिशेब सादर केला नाही, तो अपात्र, आणि त्याचे नातेवाईकही अपात्र.

म्हणजे चाळण्या दोन होत्या, एक मालमत्तेची आणि दुसरी हिशेबाची. आपल्या कायद्यातही दोन्ही आहेत. निवडणूक खर्चाचा हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो. पण १९९६ साली उमेदवारांची संख्या कमी करायची वेळ आली, तेव्हा आपला हात प्रथम पैशाच्या चाळणीकडे गेला. ती वापरायला सोपी असते. रक्कम वाढवायला एक कलम बदलावे लागते, तर हिशेब घ्यायला माणसे, वेळ आणि इच्छा लागते.

पुढे २०१० पासून अनामत पुन्हा वाढली, विधानसभेसाठी १०,००० आणि लोकसभेसाठी २५,००० रुपये. मोडकुरिची आता पुन्हा घडणार नाही, असे वाटावे अशीच ही रक्कम होती. आणि २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबाद लोकसभा मतदारसंघात १८५ उमेदवार उभे राहिले. त्यांत १७० हून अधिक शेतकरी होते. हळदीला आणि लाल ज्वारीला योग्य भाव आणि स्वतंत्र हळद मंडळ, ही त्यांची मागणी होती. सांगलीच्या बाजारपेठेशी परिचय असलेल्या वाचकाला हळदीच्या भावाचे चढउतार ठाऊक आहेत. योगायोग असा की मोडकुरिची ज्या जिल्ह्यात आहे, तो ईरोडही हळदीचाच जिल्हा. जुन्या पद्धतीच्या मतदान यंत्रांवर ६४ नावांची मर्यादा होती. त्यामुळे निजामाबादला नवी यंत्रे आणून प्रत्येक केंद्रावर बारा बारा मतदान युनिटे जोडावी लागली. यंत्रणेने ते काम पार पाडले, याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे.

त्या निवडणुकीत विद्यमान खासदारांचा पराभव झाला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले आणि त्याचे मुख्यालय निजामाबाद येथे ठेवण्यात आले. शेतकऱ्यांच्या अर्जांमुळेच हे घडले, असा दावा मी करणार नाही. धोरणामागे अनेक कारणे असतात. तरी एवढे म्हणता येईल की निजामाबादच्या वेळी लोकांना संख्येबरोबर मागणीही लक्षात राहिली. मोडकुरिचीची केवळ संख्या राहिली. आजही स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत १,०३३ हा आकडा विचारतात. ते का उभे राहिले होते, हे विचारलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मतदाराला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मिळाला. तो आवश्यक होता. पण त्यातून नकार तेवढा कळतो, नकाराचे कारण कळत नाही. कारण सांगायचे तर नागरिकाला आजही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील वाचकांचा पत्रव्यवहार, मोर्चा किंवा पंचवीस हजारांची अनामत, एवढेच मार्ग उरतात.

परवा टपरीवर ईरोडकडील एका वृद्ध गृहस्थांशी गाठ पडली. मोडकुरिचीचा विषय मीच काढला. ते म्हणाले, “हो, ते पुस्तक. माझ्या मेहुण्याचेही नाव होते त्यात.” किती मते मिळाली, असे मी विचारले. ते त्यांना आठवत नव्हते. मेहुण्याच्या विहिरीचे पाणी कोणत्या वर्षी आटले, ते मात्र त्यांनी वर्षासह सांगितले. मग त्यांनी हातातील पान माझ्याकडे दिले. त्यावर जागावाटपाचा तक्ता होता.